तरीची घंटा

कॉलेजचं ग्रंथालय,
१२ मे (लाईट नाही, पंखा बंद)

प्रिय बापू,

यशोधनाचा सप्रेम नमस्कार. तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, म्हणजे खरं तर वाकून नमस्कार लिहायला हवा. पण वाकण्याच्या बाबतीत कंबर आता माझं ऐकत नाही, तेव्हा अर्धा वाकलो आहे असं समज आणि उरलेला अर्धा तुझ्या पदरचा घाल. सुचित्रावहिनींचा नवा गुडघा जुन्यापेक्षा सरस निघाल्याचं कळलं, आनंद झाला. त्याच डॉक्टरांकडे माणसाचा स्वभावही बदलून मिळत असेल तर तुझा नंबर लावायला वहिनींना सांग. तुझी साखर कशी आहे? (खरं उत्तर वहिनींकडून घेईन.) आमच्याकडे सर्व क्षेम. पांढरा कांदा यंदा बरा आला, दोन वेण्या तुझ्या नावाने पडवीतल्या खुंटीला टांगून ठेवल्या आहेत. कुरिअरने पाठवणार नाही. मागच्या खेपेला मुलुंडला पोहोचेपर्यंत त्यांचं जे काय झालं होतं त्याचं तू फोनवर केलेलं वर्णन अजून माझ्या कानात आहे.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर टाकला की न वाचता अंगठा दाखवून मोकळा होतोस. हा मजकूर अंगठ्यावर भागणारा नाही. शिवाय या महिनाअखेरीस मी निवृत्त होतो आहे. ग्रंथालयात आता उन्हाळ्याची सुट्टी, मी आणि कपाटं एवढेच, आणि कपाटांना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्या आहेत.

गेल्या डिसेंबरात विद्यापीठाकडून कॉलेजला एक लांबलचक पत्र आलं. त्याचं सार असं की आजवर तुमचं मूल्यमापन बाहेरची माणसं करत होती, यापुढे ते तुम्हीच करा. विद्यार्थ्यांनी कॉलेजला गुण द्यावेत, कर्मचाऱ्यांनी कॉलेजला आणि शिवाय स्वतःलाही द्यावेत. (आणि हे सगळं खरं आहे की नाही ते तपासायला मार्चमध्ये बाहेरची माणसं येतील.) या कामाचा समन्वयक म्हणून एकमताने माझी निवड झाली, कारण सभेत नाव पुकारलं तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. निवड केली आमच्या नव्या प्राचार्यांनी, क्षिप्रामॅडमनी. बाई पुण्याच्या, वय बेचाळीस, हुशार, कामाला वाघ आणि मनाने चांगल्या. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे येणार आहे त्याने तुझा गैरसमज व्हायचा.

कर्मचाऱ्यांचे फॉर्म आधी आले. दहापैकी स्वतःला किती गुण द्याल, या प्रश्नाला झाडून सगळ्यांनी दहा लिहिले होते. फक्त मराठीच्या सरांनी नऊ लिहून खाली टीप दिली होती की एक गुण विनयापोटी कमी केला आहे. मला गुणांची अडचण नव्हती, अडचण होती ती 'आपले संस्थेतील भरीव योगदान' या रकान्याची. आठ ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. तेहतीस वर्षांत मी पुस्तकं दिली आणि परत मागितली, याला भरीव कसं म्हणायचं? दोन दिवस डोकं खाजवून शेवटी 'वाळवी आटोक्यात ठेवली' असं लिहिलं. ते वाचून मॅडम म्हणाल्या, सर, जरा शैक्षणिक काहीतरी लिहा. मग मी 'संदर्भ विभागातील वाळवी' अशी दुरुस्ती केली.

मुलांचे फॉर्म मात्र वाचण्यासारखे होते. दोनशे चाळीस मुलं, प्रत्येकाने मोबाईलवर भरलेले. कँटीनबद्दल एकाने लिहिलं होतं की वडा चांगला असतो पण तो कालचा आहे हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ग्रंथालयाबद्दल, 'सर जागे असले तर पुस्तक मिळतं, झोपलेले असले तर दोन मिळतात.' (हस्ताक्षर नसल्यामुळे कोणी लिहिलं ते कळायला मार्ग नाही. संगणकाचा हा तोटा कुणी लक्षात घेत नाही.) 'संस्थेत काय सुधारणा हवी' यावर एका मुलीने लिहिलं होतं, 'जुलैमध्ये माझी डावी चप्पल खाडीच्या चिखलात राहिली आहे, मिळाल्यास कळवावे.' आणि सातवा प्रश्न होता, वर्ग वेळेवर सुरू होतात का? पर्याय चार: नेहमी, बहुधा, कधीकधी, कधीच नाही. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस जणांनी 'नेहमी'वर खूण केली होती. कर्मचाऱ्यांनीही. मीही.

आता यात काय झालं असेल ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण सांगायला बरं वाटतं. उंडीच्या झाडाला टांगलेला तो रुळाचा तुकडा अजून तिथेच आहे. घंटा म्हणून अजून तोच वाजतो, वाजवतो शिवदासच, आणि अजूनही त्याच वेळेला वाजतो, म्हणजे खाडीपलीकडची होडी आली की. कागदोपत्री पहिला तास साडेसातचा. पण पलीकडच्या वाडीची मुलं घेऊन निघालेली होडी, आपली ती तर, अलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत शिवदास गच्चीवरून खाली उतरत नाही. अष्टमीच्या आसपास सकाळी खाडी काठोकाठ भरलेली असते, तर आठ मिनिटांत येते, तास साडेसातला सुरू होतो. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी सुकती, म्हणजे पुरती ओहोटी असते, तर मधेच चिखलात बसते, मग पाणी येईपर्यंत थांबायचं नाहीतर चपला हातात घेऊन मांडीभर चिखलातून यायचं. फाटकाशी पाण्याचं पिंप आणि टमरेल ठेवलेलं, तिथे पाय धुवायचे. आणि मग घंटा. रस्त्याने यायचं तर सत्तावीस किलोमीटरचा वळसा, त्यातून सकाळची एसटी येईल तो दिवस सणाचा.

मला अजून आठवतं, पाय धुऊन आलेल्या पोरांच्या ओल्या पावलांचे ठसे व्हरांड्यात पाची बोटांसकट उमटायचे आणि पहिला तास संपेपर्यंत वाळून जायचे. वर्गात चिखलाचा तो वास. मधल्या सुट्टीत आपली पोळीभाजी त्यांच्याकडे आणि त्यांची तांदळाची भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी आपल्याकडे. (तू जवळा पहिल्यांदा तिथे खाल्लास हे मावशीला, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, अजून माहीत नाही. तिच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला सांगावं असं माझ्या मनात होतं, पण तू वहिनींकडून निरोप पाठवून मला गप्प केलंस.) आज त्या पोरांपैकी कुणाचे ट्रक आहेत, कुणी उरणला ठेकेदार आहे, पण रस्त्यात भेटले की सगळे आधी विचारतात, सर, घंटा हाय का अजून?

ही पद्धत आबांनी सुरू केली, आपल्या वेळच्या प्राचार्यांनी, आणि कशी केली ते कॉलेजात दरवर्षी नव्या मुलांना सांगितलं जातं, बहुतेक वेळा मीच सांगतो. पंच्याऐंशी सालचा ऑक्टोबर, आपण दुसऱ्या वर्षाला, सहामाहीचा तर्कशास्त्राचा पेपर. नवरात्रातली अष्टमी होती. (संध्याकाळी तुमच्याकडे घागरी फुंकायच्या होत्या, म्हणून पक्कं लक्षात आहे.) त्या सकाळी ओहोटीत तर अडकली. आठ वाजता घंटा झाली, आबांच्या शिस्तीप्रमाणे दारं लागली आणि आठ वाजून सहा मिनिटांनी पलीकडची तेवीस मुलं धावत येऊन बंद दारासमोर उभी राहिली. खिडकीतून ती आपल्याला दिसत होती. पेपर संपेपर्यंत ती तिथून हलली नाहीत. आठवड्याने आबा स्वतः तरीत बसून पलीकडे गेले आणि तिथल्या मराठी शाळेत त्यांनी पेपर पुन्हा घेतला. बसली बावीस. येसूबाईला तिच्या बापाने तोवर मिठागरावर लावलं होतं. कॉलेज तुझ्यासाठी दार उघडत न्हाय तर जायचं कशाला, असं तो म्हणाला. वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी होती. आबा त्याच्या दारात तीनदा जाऊन आले, पण तो काही बधला नाही. त्या दिवसापासून घंटा तरीसाठी थांबते.

आता पुन्हा डिसेंबरात ये. आमचे संगणकाचे केतनसर अतिशय प्रामाणिक मनुष्य. मुलांच्या फॉर्मबरोबर हजेरीच्या अंगठामशीनची आकडेवारीही मागितली होती, ती त्यांनी इमानेइतबारे चढवली. संगणकाने दोन्ही शेजारी शेजारी मांडली आणि सगळं लाल केलं. एकीकडे दोनशे चाळीस वेळा 'नेहमी', दुसरीकडे पौर्णिमा-अमावास्येच्या आठवड्यात सरासरी अडतीस मिनिटं उशीर. मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, सर, आपलं संपूर्ण कॉलेज एकजात खोटं बोलतंय, आणि तेही इतकं एकमताने की मला भीती वाटायला लागली आहे. मी तरीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, याचा कुठे ठराव आहे का? परिपत्रक? मी म्हटलं, शिवदास आहे. (या उत्तराने मॅडमचं समाधान झालं नाही, आणि त्यांच्या जागी असतो तर माझंही झालं नसतं.)

म्हणून जानेवारीत आपोआप वाजणारी घंटा आली. ठरलेल्या मिनिटाला तिच्यातून बासरीची धून निघते, आणि मागून एक बाई गोड आवाजात 'पहिला तास सुरू होत आहे' म्हणतात. शिवदासने पहिल्या दिवशी ती उभ्यानेच ऐकली आणि मला म्हणाला, "चांगली हाय. पन हिला डोलं न्हाईत." पुढचे दोन-अडीच महिने तो रोज सवयीने गच्चीवर जायचा, तर दिसायची, खाली बासरी वाजायची, आणि तो तसाच उतरून पिंपात पाणी भरायचा. दहा मिनिटांनंतर आलेल्याची गैरहजेरी लागायची. मार्चच्या सुरुवातीला यादी लागली. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही, अशी एकोणीस नावं. एकोणीसही पलीकडची. सगळ्यांत वर हेमाली, तिसऱ्या वर्षाची, एकसष्ट टक्के. पोरगी वर्गात पहिली येणारी, पण मिठागरावर काम करून बोटं अशी झिजलेली की वेळेवर आली तरी मशीन तिचा अंगठा ओळखायचं नाही. ती ग्रंथालयात आली, घेतलेली चार पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, ही परत घ्या. आजी म्हनते, यंदा न्हाय तर राहू दे." ही आजी म्हणजे येसूबाई. हेमाली येसूबाईची नात. (येसूबाई आठवते ना? आठवतेच. मलाही.) मी पुस्तकं परत घेतली नाहीत. ती नियमाने घ्यायला हवी होती, तेहतीस वर्षांत मी मोडलेला हा पहिलाच नियम.

समिती आली अठरा मार्चला. ही तारीख मॅडमनी कॅलेंडर बघून ठरवली, तिथी न बघता. पाडव्याच्या आदल्या दिवशी काय असतं हे कॉलेजातल्या दीडदोनशे माणसांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. तिघांची उतरायची सोय पलीकडच्या काठावरच्या एका झकास रिसॉर्टमध्ये केली होती, आणि पाहुण्यांना निसर्गाचा अनुभव मिळावा म्हणून सकाळी त्यांना तरीतूनच आणायचं ठरलं. तरीला झेंडूच्या माळा, दिपेशला (जुन्या रावजी तरीवाल्याचा मुलगा, आता इंजिन बसवलं आहे) इस्त्रीचा शर्ट, आणि नेहमीच्या पोरांनी त्यातच बसून यायचं, हेमालीसकट, कारण तर एकच. इकडे आम्ही सव्वासातपासून धक्क्यावर. मॅडमच्या हातात गुच्छ. पलीकडून तर निघाली, झेंडू चमकला, आणि बरोबर मध्यावर येऊन ती बसली, अगदी म्हशीसारखी. इंजिनाने चिखल उडवला, इस्त्रीच्या शर्टाचं व्हायचं ते झालं. मॅडम मला म्हणाल्या, सर, हे किती वेळ चालतं? मी म्हटलं, आज अमावास्या आहे मॅडम. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तेवढ्यापुरता रेवसच्या दिशेने बघत राहिलो.

चाळीस मिनिटांनी समितीचा धीर सुटला. पुढचं मी या डोळ्यांनी पाहिलं. हेमाली आधी उतरली, मांडीभर चिखलात उभी राहून तिने अध्यक्षांना हात दिला आणि ओरडून सांगितलं, "सर, बूट हातात घ्या, पाय सरळ टाकू नका, घसटत टाका!" अध्यक्ष भूगोलाचे मोठे प्राध्यापक, साठीचे, टायवाले. त्यांनी बूट हातात घेतले, पँट गुडघ्याच्या वर सरकवली आणि त्या पोरीचा खांदा धरून आख्खी खाडी तुडवत आले. मागे बाकीचे दोघं, प्रत्येकाला दोन-दोन पोरं धरलेली. फाटकाशी आल्यावर हेमालीनेच टमरेलाने त्यांच्या पायावर पाणी घातलं. अध्यक्ष मॅडमना म्हणाले, "माफ करा, आम्हाला पन्नास मिनिटं उशीर झाला." आणि मॅडम काही बोलणार एवढ्यात उंडीखाली शिवदासने हातोडा उचलून रुळावर सात टोले घातले, आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "न्हाय सायेब. घंटा आता झाली. तुमी टायमावर हाव." तेव्हा आमच्या लक्षात आलं की सकाळपासून बासरी वाजलेलीच नाही. त्याने वायरच काढून ठेवली होती. (चौकशीत त्याने 'धूळ पुसायला' असं कारण दिलं, आणि वायर खरंच लख्ख होती.)

अध्यक्ष व्हरांड्यात थांबले. मागे वळून त्यांनी स्वतःच्या ओल्या पावलांचे ठसे पाहिले, आणि हेमालीला विचारलं की तुम्ही सगळ्यांनी वर्ग नेहमी वेळेवर सुरू होतात असं लिहिलंत ते का? तिने सरळ सांगितलं, "सर, डिसेंबरपर्यंत घंटा आमाला सोडून कदी व्हतच नव्हती. आता व्हते." एवढंच. रडली नाही, विनंती नाही, काही नाही. मग मॅडमनी स्वतःहून एकोणीस जणांची यादी मागवली आणि समितीसमोर तिच्यावर सही करून ती रद्द केली. मी आधी लिहिलंच होतं, बाई चांगल्या आहेत म्हणून. हेमाली परीक्षेला बसली, पेपर चांगले गेले म्हणते. समितीच्या अहवालात कँटीन, ग्रंथालय आणि शौचालयं यांना एकत्रितपणे 'सुधारणेस वाव' असा शेरा आहे. पण 'संस्थेच्या उत्तम प्रथा' या मथळ्याखाली आख्खं पान तरीच्या घंटेवर आहे. आपल्या कॉलेजच्या आयुष्यात असं पान कधी आलं नव्हतं. ते शिवदासला वाचून दाखवलं, तर त्याने विचारलं, "घसटत पाय टाकायचं लिवलंय का?" लिहिलेलं नव्हतं.

असो. काही काम नाही, सहज लिहिलं. जुने दिवस आठवले की हात थांबत नाही. वहिनींना नमस्कार, गोड कमी खा, आणि हे पत्र फ्रीजवर चिकटवू नकोस.

तुझा,
यशो

ता. क. काम नाही म्हटलं, पण एक छोटंसं आहे. अहवालाच्या तळाशी समितीने एक अट घातली आहे. ही प्रथा कधी आणि कोणत्या कारणाने सुरू झाली याची हकीकत, तो दिवस पाहिलेल्या माजी विद्यार्थ्याच्या सहीने, मेअखेर पाठवावी. ती आली तर प्रथा कायम. नाही आली तर जूनपासून पुन्हा बासरी, आणि जूनमध्ये पलीकडून सोळा नवी पोरं येणार आहेत. समन्वयक असल्याने मला सही करता येत नाही, तेव्हा तू कर. चार ओळी पुरे: ओहोटीमुळे तर अडकली, तेवीस जणांची परीक्षा हुकली, आबांनी पद्धत घातली. फक्त अष्टमीचा उल्लेख करू नकोस. अध्यक्ष भूगोलाचे आहेत. अष्टमीला सकाळी या खाडीला ओहोटीने तर अडकत नाही, अष्टमीला सकाळी खाडी काठोकाठ भरलेली असते, आणि मी हे चाळीस वर्षं तिथीसकट सांगत आलो तरी एकाही शहाण्याने मला अडवलं नाही. त्या पहाटे तर कशाने गेली ते तुला आणि मला माहीत आहे. तुझा तर्कशास्त्राचा अभ्यास झाला नव्हता, माझाही नव्हता, तर नसली म्हणजे पेपर पुढे ढकलतील असा तर्क तू काढलास (त्या वर्षातला तुझा एकमेव तर्क) आणि आपल्या धक्क्यावरच्या खुंटीचा दोर मी सोडला. तर वाहत जाऊन वळणावरच्या तिवरांच्या झाडीत अडकली. रावजीला वाटलं त्याचीच गाठ सुटली, म्हणून त्याने लाजेने ओहोटीचं नाव घेतलं आणि आपण ते उचलून धरलं. तेव्हा 'ओहोटी' एवढंच लिही.

ता. क. २. १४ मे. वरचं पत्र पाकिटात घालून शिवदासकडे पोस्टात टाकायला दिलं होतं. त्याने ते परत आणून टेबलावर ठेवलं. वाचलं नव्हतं, पण पत्ता पाहिला होता. म्हणाला, "बापूसाहेबांना लिवलंत म्हंजे घंटेचं काम असंल. सर, खोटं काय लिवू नका." मी म्हटलं, खोटं कसलं? तेव्हा तो खुर्ची ओढून बसला. माझ्यासमोर तो तेहतीस वर्षांत पहिल्यांदा बसला. पंच्याऐंशी साली तो नुकताच लागला होता आणि रात्री गच्चीवरच झोपायचा. "मी वरना बघितलं व्हतं. दोर तुमी सोडलात, बापूसाहेब बॅटरी धरून व्हते. आबांना मी त्याच दिवशी सांगितलं." बापू, आबांना माहीत होतं. आपल्याला त्यांनी वर्षभर शिकवलं, माझ्या नोकरीच्या अर्जावर शिफारस लिहिली, आणि त्यांना माहीत होतं. शिवदासने तेव्हा विचारलं होतं, या दोघांना काढणार का? आबा म्हणाले, त्यांनी दोर सोडला ही त्यांची चूक, ती त्यांना आज ना उद्या टोचेल. पण दारं लावली तेव्हा मी गच्चीवर उभा होतो, तर खाडीच्या मध्यावर मला दिसत होती, सहा मिनिटांवर, आणि तरी मी तुला घंटा दे म्हटलं. ती माझी चूक आहे आणि तेवढीच मला सुधारता येईल. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिवदासला गच्चीवर उभं केलं. आम्ही इथे सगळ्यांनी स्वतःला दहापैकी दहा दिले, एका सरांनी नऊ. तू हकीकत लिही, खरी लिही, अष्टमीसकट. तुझ्या सहीखाली माझीही सही असेल, मग समन्वयकपद गेलं तरी चालेल.

ता. क. ३. आता खरं काम. तीस तारखेला, शनिवारी सकाळी माझा निरोपसमारंभ आहे. हेमालीने विचारलं, आजीला आणू का? मी हो म्हटलं आणि घरी येऊन जेवलो नाही. बावीस जणांचा पेपर आबांनी भरून दिला, तेविसावा कुणी दिला नाही. येसूबाईला ते आपण सांगायला हवं, आणि मला ते एकट्याने जमणार नाही. दोर मी सोडला असला तरी बॅटरी तुझ्या हातात होती. शुक्रवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकड, रेवसला उतर, रात्री पलीकडे दिपेशकडे मुक्काम कर. सकाळी तिच्याबरोबर तरीतच बस. पौर्णिमेचा आदला दिवस आहे, सुकती असणार, तर मध्यावर बसणार. तेवढ्या वेळात निम्मं तू सांग, उरलेलं मी धक्क्यावर सांगेन. बूट हातात घे, पाय घसटत टाक. तुम्ही दोघं येईपर्यंत घंटा होणार नाही, शिवदासला सांगून ठेवलं आहे.